द्वारका लेंगरेची पळती नजर

द्वारका लेंगरेनं आपला राग गजकच्या डब्यात साठवला. सात आठवडे. पत्र्याचा डबा, झाकणाला पोचा, वरचं तिळाच्या वड्यांचं चित्र निम्मं उडालेलं. हरियाणातल्या मानेसरच्या कारखान्यात पॅकिंगच्या टेबलाखाली, चपलांच्या मागं तो असायचा. कुणी विचारलं तर द्वारका म्हणायची, "सुपारी हाय." बाई सुपारी खात नाही हे सगळ्या पॅकिंगला ठाऊक. पण तिच्या डब्याचं झाकण उघडायची छाती कुणाची नव्हती.

बाई मूळची मंगळवेढ्याकडची. नवरा हणमंत चाकणच्या कारखान्यात बस चालवायचा. मालकानं मानेसरला दुसरा कारखाना काढला तेव्हा चाकणची चार भरवशाची माणसं इकडं आणली, त्यात हणमंत होता. कासन गावात खोली घेतली. महिन्याभरात द्वारकाही कामाला लागली आणि अकरा वर्षं फायनलच्या एक नंबर टेबलावर बसली.

फायनल म्हणजे शेवटची नजर. पीस होता ब्रेकच्या आतला पिस्टन. अंगठ्याएवढा, पोलादी, आरशासारखा घासलेला. त्यावर केसाएवढी चीर असली, मोहरीच्या निम्म्यानं खड्डा असला, की लाल पेटीत. पुढं कुणाच्या तरी गाडीचा ब्रेक त्याच्यावर लागणार, तेव्हा फायनलच्या बाईनं सोडलं म्हणजे सगळ्यांनी सोडलं. आठ तासांत दोन हजार पीस तिच्या हातून जायचे. अकरा वर्षांत एक नंबर टेबलाची तक्रार एकदाही माघारी आली नाही.

हे ती शिकली ते कारखान्यात नव्हे, सुपात. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी, खडा असायचाच. पहिल्यांदा सूप मांडीवर घेतलं तेव्हा सात वर्षांची पोर दाणा न् दाणा निरखत बसली. आईनं सुपाला टिचकी मारली. "दाण्याकडं काय टकमक बगतीस? सूप हलव. डोळा मोकळा सोड. खडा आपसूक डोळ्यात घुसतोय." तेच तिनं पिस्टनला लावलं. ट्यूबलाइटखाली पीस बोटांत फिरवायचा. उजेडाची एक रेघ त्याच्या अंगावरून पळते. डोळा त्या रेघेमागं पळवायचा. रेघ मोडली की तिथं खोट. हात एका पीसवर, आणि डोळा तोवर ट्रेमधल्या पुढच्या पीसवर टेकूनसुद्धा आलेला.

होळीच्या आधी क्वालिटीला सुधन्वा नावाचा साहेब आला. पुण्याचा, तिशीचा, गुरगावात राहणारा. आल्या आल्या मराठीत बोलला म्हणून द्वारकाला बरं वाटलं. इतक्या वर्षांत कारखान्यात तिला कुणी काकू म्हटलं नव्हतं.

"द्वारकाकाकू, तुमची कीर्ती चाकणला ऐकली मी. तुम्ही कसं बघता ते मला शिकायचंय. ॲक्च्युअली, मोजायचंय."

त्यानं एक चष्मा आणला होता. त्यात बारके कॅमेरे. तो घातला की माणूस कुठं बघतोय ते लॅपटॉपवर हिरव्या ठिपक्यानं दिसायचं. आधी सवय व्हावी म्हणून त्यानं तिला कँटीनमध्ये चहा करायला लावला. फायनलच्या बायका लॅपटॉपभोवती जमल्या. पातेलं गॅसवर चढायच्या आधीच ठिपका साखरेच्या डब्यावर. हात साखरेत तर ठिपका आल्याच्या तुकड्यावर. हात आल्याच्या तुकड्याकडं तर ठिपका चिमट्यावर. हाताच्या अर्धा श्वास पुढं, कुठंही न थांबता.

"काकी, तुम्हारी आँख तो चुगलखोर है," रेवाडीची पूनम म्हणाली. तीही फायनललाच होती, दोन नंबर टेबलावर. "हाथ क्या करेगा, पहले ही बता देती है."

सुधन्वानं समजावून सांगितलं. डोळ्याला स्वच्छ असं दिसतं ते हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढंच. बाकी सगळं धुरकट. म्हणून डोळा सेकंदाला तीनदा उडी मारत राहतो. आणि उडीच्या वेळी काही म्हणता काही दिसत नाही, काकू, आपल्याला फक्त वाटतं की दिसतंय.

"मग ज्या पीसच्या टायमाला डोळा दुसरीकडं गेला, तो पीस बगितलाच न्हाई म्हनायचा," द्वारका म्हणाली.

"बिल्कुल. बरोबर पकडलंत."

सहा दिवस तिनं चष्मा घातला. कानामागं वळ उठले, तरी घातला. सुधन्वानं सांगितलं होतं की ह्यातून नव्या पोरींना शिकवायचं, आणि शिकवणार तुम्ही. तिनं हणमंतला सांगितलं, हणमंतनं सगळ्या बसला सांगितलं. सहाव्या दिवशी तिनं लॅपटॉपवर आपलं सगळं बघणं पाहिलं. पीसच्या चित्रावर पाच ठिकाणी मोठे हिरवे गोळे आणि त्यांच्यामध्ये जाळं, जणू कोळ्यानं विणलेलं.

"हे गोळे म्हणजे तुमची नजर जिथं थांबते ते," सुधन्वा म्हणाला.

"आन् ही जाळी?"

"तो कचरा आहे. इकडून तिकडं जाताना पडलेला. काढून टाकू." आणि त्यानं एक बटण दाबलं. जाळी गेली. पाच गोळे राहिले.

द्वारकाच्या जिभेवर आलं होतं, की साहेब, खोट सापडते ती त्या जाळीतच. गोळ्यावर तर डोळा दम खायला बसतो. पण शिकलेला माणूस बोलतोय, आपण काय बोलायचं, म्हणून गप राहिली. ते गप राहणं तिला पुढं लई खुपलं.

महिन्यानं भिंतीवर तक्ता लागला. पिस्टनचं चित्र, त्यावर पाच ठिपके, एक ते पाच आकडे. प्रत्येक ठिपक्यावर दोन सेकंद नजर रोखायची, मग पुढचा. पीस हलवायचा नाही, लाकडी खाचेत उभा करायचा. तक्त्याच्या कोपऱ्यात सुधन्वाचा फोटो, हेडऑफिसचं बक्षीस हातात. द्वारकाचं नाव औषधालाही नव्हतं.

नाव होतं ते शेजारच्या नोटीस बोर्डावर. फायनलच्या सगळ्यांची तपासणी झाली होती, त्याचा कागद. तिच्या नावापुढं हिंदीत छापलं होतं: नजर स्थिर नहीं, भटकती है. पॅकिंग में भेजा जाए.

ती केबिनमध्ये गेली. केबिन काचेची. आत काय चाललंय ते सगळ्या शेडला दिसायचं, आणि शेडला दिसतंय हे तिला.

"साहेब, अकरा वर्सं झाली मला."

"काकू, पर्सनल घेऊ नका. डेटा आहे. नव्या मेथडमध्ये तुमची नजर बसत नाही. आणि पॅकिंग सोपं आहे ना, तुमच्या वयाला."

"माझ्याच डोळ्यावरनं काडली न्हवं ही मेथड?"

"त्यात आम्ही खूप प्रोसेसिंग केलंय," सुधन्वा म्हणाला आणि फोनकडं बघायला लागला.

बस अड्ड्यावर त्या आठवड्यात हणमंतची थट्टा झाली. एका ड्रायव्हरनं विचारलं, भाभी की नजर किधर भटकती है, भाई. हणमंतनं त्याची कॉलर धरली. घरी येऊन मात्र तो जेवताना म्हणाला, "सोड की. पॅकिंग तर पॅकिंग."

"तुला न्हाई बोलला त्यो साहेब. मला बोलला."

"मग काय करनार हायस?"

"बगनार हाय," द्वारका म्हणाली. "मला तेवडंच येतंय."

पॅकिंगमध्ये काम म्हणजे फायनलनं ओके केलेला पीस तेलाच्या कागदात गुंडाळायचा आणि खोक्याच्या खणात बसवायचा. गुंडाळायचं टेबल ते एकच, बाकीच्या बायका खोकी बंद करायच्या. पीस गुंडाळताना बोटांत फिरतोच. वर ट्यूबलाइट होती. पहिल्याच दिवशी अकरा वाजता उजेडाची रेघ मोडली. तिनं पीस पुन्हा फिरवला. चीर होती. ओके म्हणून आलेला पीस, चिरेसकट.

कायद्यानं तिनं सुपरवायझरला हाक मारायला पाहिजे होती. एक पीस गेला असता, सुधन्वानं "पोरगी नवीन आहे" म्हणून हात झटकले असते. द्वारकानं पीस कागदात गुंडाळला, कागदावर पेनानं तारीख, पाळी आणि टेबलाचा नंबर लिहिला आणि जेवणाच्या पिशवीतला गजकचा रिकामा डबा काढला.

दिवसाला तीन, कधी चार. खोक्यात तिच्या हातून खराब पीस एकही गेला नाही, ही तिची शपथ होती. रस्त्यावरच्या माणसाशी तिचा काही दावा नव्हता. दावा एकाशी होता. त्याचा तक्ता साफ दिसत राहावा, तक्रार येऊ नये, त्यानं आणखी वर चढावं, आणि मग पडावं. खालच्या पायरीवरून पडलेला माणूस धूळ झटकून उठतो, हे तिनं पाहिलं होतं.

तक्रार येत नव्हती, म्हणून सुधन्वाची छाती फुगत होती. चाकणला तक्ता गेला. उन्हाळ्यात त्याला बढती मिळणार अशी बोलवा उठली. पॅकिंगच्या टेबलावरून ती काचेची केबिन समोर दिसायची. पीस गुंडाळता गुंडाळता द्वारकाचा डोळा दर थोड्या वेळानं तिकडं जाऊन यायचा. साहेब हसतोय. साहेब कॉफी पितोय. सगळं टिपून घ्यायचा.

यात एक काम मात्र तिनं बरं केलं नाही. पूनम एका दुपारी डबा खाताना तिच्याजवळ येऊन बसली. डोळे लाल.

"काकी, ये डॉट वाला मेरे बस का नहीं. घूरते घूरते पीस ही गायब हो जाता है. सब धुआँ."

होणारच. डोळा एका जागी खिळवला की दिसणं मरतं. सूप हलवलं नाही तर खडा आणि दाणा एकच. दोन वाक्यांचं काम होतं. पूनमच्या टेबलाचे पीस डब्यात सगळ्यात जास्त होते.

"पानी मार आँख पे," द्वारका म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

सात आठवड्यांनी गाडीच्या कंपनीची मॅडम ऑडिटला आली. पन्नाशीची, आखूड केसांची, कुणाशी विनाकारण न हसणारी. सोबत कारखान्याचे मोठे साहेब, रोहतकचे दहिया. सुधन्वानं नवा शर्ट घातला होता. त्यानं तक्ता दाखवला, पोरी दाखवल्या, कागद दाखवले: सात आठवड्यांत तक्रार शून्य. मग तो मॅडमला पॅकिंगकडं घेऊन आला.

द्वारका उठली. टेबलाखालून डबा काढला, झाकण उघडलं आणि मॅडमच्या पुढ्यात ठेवला.

"मॅडम, ये आपका है. आपको जाने वाला था, मैंने रोक के रखा."

मॅडमनं एक पुडी सोडली. मग दुसरी. मग खुर्ची मागवली. एकशे चाळीसच्या वर पुड्या होत्या. भिंगाखाली एकेक पीस जायला लागला तसं दहिया साहेबांचं तोंड उतरत गेलं. सुधन्वा मराठीत हळू आवाजात म्हणाला, "काकू, हे काय केलंत तुम्ही?"

"हिंदीत बोला, साहेब. मॅडमला कळू द्या."

सुधन्वा मॅडमकडं वळला. बाई चिडलेली आहे, तिला टेबलावरून काढलं होतं, पीस तिनंच ओरखडलेले असतील. आणि सात आठवडे खराब माल लपवला, हा नियमानं गुन्हा आहे, आज गेटबाहेर काढता येतं. दहिया साहेबांनी मान हलवली. तेही खरंच होतं. द्वारकाला गेट दिसलं, हणमंतची बस दिसली, चाकणहून आणलेला संसार परत बांधायचा दिसला.

"तो मॅडम, परीक्षा लो," ती म्हणाली. "पहले साहब की. तख्ता उनका है."

मॅडमच्या बॅगेत तिच्या कंपनीचा परीक्षेचा डबा होता. वीस पीस, त्यात सात खोट असलेले, कुठले ते फक्त तिला ठाऊक. तिनं तो टेबलावर ठेवला आणि नजरेच्या चष्म्याकडं बोट दाखवलं. "ये भी लगाइए."

सुधन्वा बसला. शेडमधल्या मशिनी चालू होत्या, पण बायका टाचा वर करून उभ्या होत्या. लॅपटॉप शेडच्या मोठ्या पडद्याला जोडला होता, त्यावर हिरवा ठिपका पहिल्या पीसच्या एक नंबरवर थांबला, दोन नंबरवर थांबला. तीनपासून त्याला घाम सुटला. ठिपका उडाला तो मॅडमच्या तोंडावर. तिथून घड्याळावर. परत पीसवर. तिथून दहिया साहेबांच्या भुवयांवर. पुढं पुढं तर पीसवर कमी आणि माणसांवर जास्त. वीस पीस संपले तेव्हा सातातले तीन त्यानं पकडले होते आणि चांगल्यातला एक लाल पेटीत टाकला होता.

पूनमनं पदर तोंडाला लावला. द्वारका हसली नाही. तिला हसायची घाई नव्हती.

मग तिनं चष्मा घातला. लाकडी खाच कोपरानं बाजूला सारली. पीस उचलला, फिरवला. पडद्यावर ठिपका असा पळाला की बघणाऱ्यांना भोवळ यावी. काठावर, अंगावर, पुढच्या ट्रेवर, परत काठावर. पहिला चांगला. दुसरा लाल. तिसरा चांगला. कुठं थांबणं नाही, कुठं अडणं नाही. दहावा. बारावा.

चौदाव्याला ठिपका टुणकन उडाला आणि सुधन्वाच्या तोंडावर जाऊन बसला. बसला आणि राहिला. सगळ्या शेडनं पाहिलं. सात आठवडे तो डोळा कुठं जात होता ते पडद्यावर आठ फूट रुंद दिसलं. तोंड उतरलेलं आहे का, ओठ कोरडा पडलाय का, सगळं चाखून तो पीसवर परत आला. तोवर हातानं चौदावा चांगल्यात टाकला होता.

पंधरावा गेला. सोळावा गेला. सतरावा उचलता उचलता द्वारका थांबली. सतरावा खाली ठेवला. चांगल्याच्या ट्रेमधून मागचा तिसरा पीस उचलला.

"मॅडम, ये वापस लेती हूँ. ये मैंने देखाच नहीं." तिनं हनुवटीनं दाखवलं. "ये हाथ से गया तब मेरी आँख साहब के मुँह पे थी."

बायका फसकन हसल्या. द्वारकानं पीस उजेडात फिरवला. रेघ मोडली. बुडाशी खड्डा होता. तो लाल पेटीत गेला. वीस संपले. सातच्या सात.

मॅडमनं चष्मा स्वतः हातात घेऊन उलटापालटा पाहिला. "आपको पता कैसे चला कि नहीं देखा? हाथ में तो था."

"हाथ नहीं देखता, मॅडम. और आँख किधर थी, ये मेरे को मालूम रहता है. साहब ने ही बताया था, आँख दूसरी जगह तो पीस नहीं दिखता." मग तिनं मोजून मापून शेवटचं ठेवून दिलं. "इस मशीन में मेरी पूरी नजर थी. साहब ने जो भागता था वो कचरा बोल के निकाल दिया. जो खड़ा था वो भिंत पे लगाया."

दहिया साहेबांनी तक्त्याकडं पाहिलं. "रै भाई," ते सुधन्वाला म्हणाले, "दूध फेंक दिया तन्नै, अर पतीला टाँग दिया."

द्वारकाला माल लपवल्याचा मेमो मिळाला. तिनं सही केली, चूक होतीच. पण एक नंबर टेबलही मिळालं. सुधन्वाची बढती गेली. तक्ता नव्यानं करायचा, आणि त्याआधी चार आठवडे द्वारकाच्या हाताखाली बसून पीस बघायचे, असा हुकूम झाला. द्वारकानं दोन गोष्टी मागून घेतल्या. नोटीस बोर्डावरचा तो कागद साहेबांनी स्वतःच्या हातानं काढायचा, दिवसा, पाळी बदलताना, दोन्ही पाळ्या समोर असताना. त्यानं काढला. टाचणी निघेना, नखानं उपसावी लागली. ती शेवटपर्यंत उभी राहिली.

दुसरी गोष्ट, तिचं टेबल फिरवून घेतलं. केबिन पाठीमागं, आणि सुधन्वाचं टेबलही पाठीमागं. त्या चौदाव्या पीसचा तिला अजून राग होता. ह्या माणसापायी आपला डोळा एकदा कामावरून हलला, हे तिनं त्याच्या खात्यावर घातलं, स्वतःच्या नाही.

पहिल्याच सकाळी ती पूनमजवळ गेली, तिच्या टेबलावरची लाकडी खाच उचलून भंगारात टाकली. "पीस घुमा. आँख को भागने दे. रेघ टूटी तो पकड़. और उस दिन मैंने नहीं बताया, वो मेरी गलती." पूनम दुपारपर्यंत गुणगुणायला लागली.

सुधन्वाला तिनं काही सांगितलं नाही. तीन दिवस तो खाचेत पीस उभा करून डोळे ताणत बसला. चौथ्या दिवशी पाठीमागून आवाज आला.

"काकू, प्लीज, काहीतरी सांगा ना. मला दिसेनासं होतंय."

"बगा, साहेब," द्वारका मागं न वळता म्हणाली. "एका जागी बगा. नजर भटकू देऊ नका."

त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम आता पूनमकडं होतं. थोड्या वेळानं ती वाकून कुजबुजली, "काकी, आँख से पानी आ रहा है उनके."

"आने दे," द्वारका म्हणाली. हातातला पीस अजून फिरत होता, पण तिचा डोळा कधीच पुढच्या पीसवर जाऊन टेकला होता.